दादाची कानटोपी आणि माझे घट्ट टाके

"हात सैल सोड." जन्मात मला सगळ्यात जास्त राग कुठल्या वाक्याचा आला असेल तर तो ह्याचा. सासूच्या एकाही वाक्याचा एवढा आला नाही. आज आमच्या आळीतल्या मुली सुया-लोकर घेऊन येतात, "आजी, टाके फार घट्ट येतात हो" म्हणतात, तेव्हा मी त्यांना शंभर गोष्टी सांगते, पण हे वाक्य नाही सांगत. कारण ज्याचा हात सैल सुटत नाही त्याला "सैल सोड" सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला "पोह ना रे" म्हणण्यासारखं आहे. त्याला येत असतं तर तो बुडला असता का?

तर ते कसं झालं ते सांगते.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. आम्ही मुरुडच्या कोळीवाड्यात. मी लग्नाच्या वयाची, घरात आये, बाबा आणि माझा मोठा दादा. दादाला त्या साली मोठ्या बोटीवर खलाशाचं काम लागलं. आपली मुंबईची आगबोट नव्हे, माल घेऊन पार विलायतेकडे जाणारी बोट. दिवाळी झाली की मुंबईला जाऊन चढायचं होतं. सगळा कोळीवाडा त्याची पाठ थोपटत होता आणि आये मात्र कुणाशी धड बोलत नव्हती. कारण होतं दादाचा कान.

लहानपणापासून त्याचा डावा कान ठणकायचा. इथे, आपल्या हवेत, थंडीचा वारा सुटला तरी दोन-दोन दिवस कान धरून बसायचा, जेवायचा नाही. दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, घाटावरच्या, एकट्या राहायच्या. त्याच त्याच्या कानात औषध घालायच्या. दादाने त्यांना बोटीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे, तिकडचा वारा म्हणजे सुरी असते. कान उघडा ठेवलास तर पहिल्याच महिन्यात आडवा होशील, आणि आडव्या झालेल्या खलाशाला बोटवाले परत पाठवतात. लोकरीची कानटोपी पाहिजे, चांगली कानाखाली येणारी."

आता आमच्याकडे लोकर कुठली? मुरुडला लोकर दिसायची ती दोनच ठिकाणी, मेंढीच्या अंगावर आणि साहेबाच्या मुलाच्या अंगावर. दादा कागदपत्रांसाठी मुंबईला गेला तेव्हा दुकानं हिंडला, पण त्याच्या डोक्यात बसेल अशी टोपी त्याला मिळाली नाही. त्याचं डोकं म्हणजे काय सांगू! बाबा म्हणायचे, "ह्याला जन्म दिला तवा आधी कलिंगड आलं, मंग पोर आलं." शेवटी तो निळी लोकर घेऊन आला. लोकर नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली. बाई म्हणाल्या, "मला दवाखान्यातून सवड नाही रे. सुया देते, शिकवते. घरात कुणाला विणता येतं का?"

मी दादाबरोबर गेले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येतं की."

हे जे "येतं की" मी म्हटलं ना, तिथेच सगळी माती झाली. आणि मी खोटं बोलले नव्हते बरं का! आमच्यात जाळी पुरुष विणतात, पण बाबांची नजर अधू झाल्यापासून त्यांच्या शेजारी बसून मीच विणायची. कोळीवाड्यात सगळे म्हणायचे, पोरीची गाठ बघा, गाठ. एकदा बसली की सुटायची नाही, सरकायची नाही. आता मला सांगा, जाळं काय, विणतात. टोपी काय, विणतात. दोन्हीला एकच शब्द ठेवलाय आपल्या शहाण्या लोकांनी, मग माझ्यासारखीने काय समजायचं?

नर्सबाईंनी दवाखान्याच्या पडवीत बसून मला टाके घालायला शिकवलं, सुलट टाका शिकवला. टोपीची रीत सोपी सांगितली. एक रुंद पट्टी विणायची, डोक्यावरून घ्यायची, मागून शिवायची, कानावरून खाली दोन जिभा आणि हनुवटीखाली नाडी. मी म्हटलं, एवढंच? हे तर आठवड्यात होईल.

घरी येऊन बसले. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला सुईचं टोक टाक्यात शिरेना. म्हणजे शिरेचना! मी सुई घुसवते, टाका म्हणतो जा. जोर लावला तर सुई घसरून अंगठ्यात. कसाबसा एक टाका काढला तर पुढचा सुईवर पुढे सरकेना. सुईला असा गच्च धरून बसला होता, जसा काही खडकाला कालव. ढकलला की सुई कर्रर्र आवाज करायची. दारात दादा सुपारी कातरत होता, तो म्हणतो, "काय गो, उंदीर मारतंस काय?"

"तुझीच टोपी करतेय."

"मंग हळू मार. माझंच डोकं हाय त्यात."

चार-सहा ओळी मी अशा ओढून काढल्या. खाली बघते तर सुरुवातीला वीतभर असलेली पट्टी वर चार बोटं झालेली. आणि कडक! उभी धरली तर उभी राहायची. आयेने ती हातात घेतली, उलटसुलट केली, उंबऱ्यावर आपटली. ठक्क आवाज आला. "ब्येस," म्हणाली. "पायपुसणं ब्येस होईल."

मी उसवलं.

गेले नर्सबाईंकडे. त्यांनी दोन टाके बघितले आणि म्हणाल्या, "हात फार घट्ट आहे गं तुझा. हात सैल सोड." मी म्हटलं, बरं. घरी आले, हात सैल सोडला, सगळे टाके सुईवरून घसरून मांडीवर! परत गेले. "बाई, सैल सोडला तर पडतात." बाई हसल्या. "अगं, एवढा नाही सोडायचा." मग केवढा सोडायचा? सांगा ना केवढा! हात काय होडीचा दोर आहे, वाव मोजून सोडायला?

मग सुरू झाले सगळ्यांचे सल्ले. तुम्हाला सांगते, जगात ज्या कामातलं कुणाला काही कळत नाही त्या कामात सल्ले सगळ्यात जास्त मिळतात. शेजारची काकी म्हणाली, सुयांना खोबरेल लाव, म्हणजे सरकतील. लावलं. टाके काही सरकले नाहीत, पण लोकरीला असा वास सुटला की मांजर टोपीभोवती घुटमळायला लागलं. बाबा म्हणाले, सुया बारीक हायत, जाड घे. हे मात्र अकलेचं होतं. त्यांनी मला बांबूच्या जाड सुया तासून दिल्या, काचेने घासून गुळगुळीत केल्या. त्या सुयांनी थोडा फरक पडला, नाही असं नाही. पायपुसण्याची चटई झाली. इतकाच फरक.

परत बाईंच्या पोलादी सुयांकडे वळले तर त्यांना तोवर आमच्या खाऱ्या वाऱ्याने गंज धरलेला. बारीक बारीक ठिपके, त्यांत लोकर अडकायची. त्या राखेने घासल्या. त्यात दुपारचा घाम. हात ओले, लोकर ओली, ओली लोकर ओढली की आणखी आवळते. मी हात पुसायची, पीठ लावायची, पुन्हा बसायची. उजव्या बोटावर लोकरीची खाच पडली होती, तांदळाचा दाणा बसेल एवढी.

आणि उसवून उसवून लोकर कशी झाली, तर शेवयांसारखी कुरळी. ती सरळ कशी करायची विचारायला गेले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "कोमट पाण्यातून काढ आणि वाळव. पण कोमटच हं. कढत पाण्यात लोकर गेली की आटते, आणि आटली की गेलीच." हे मी नीट कानात ठेवलं. माझ्याच कानात राहिलं ते, दुसऱ्या कुणाच्या गेलं नाही. ते पुढे येईल.

इकडे दिवाळी जवळ येत चालली. आये रोज एकदा विचारायची, "झाली?" मी म्हणायची, "न्हाय." दादा रात्रीच्या वाऱ्यात डावी बाजू उशीत दाबून झोपायचा, ते ती बघायची आणि मला ती बघताना दिसायची. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक दिवस मला इतका संताप आला की सुया, लोकर, सगळं पडवीच्या कोपऱ्यात भिरकावलं आणि बाबांचं अर्धं राहिलेलं जाळं ओढून घेतलं. निदान हे तरी येतं मला! बसले सपासप गाठी मारत. दादाच्या कानासाठी औषध द्यायला नर्सबाई तेवढ्यात घरी आल्या. आयेने त्यांना पाट दिला, पाणी दिलं. बाई बसल्या आणि माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"अगं, हे तू काय करतेस?"

"जाळं विणतेय."

"ते कळलं. गाठ मारल्यावर तू काय करतेस?"

मी काय करते? मी बघितलं. गाठ मारली, दोरा खाली खेचला. दुसरी गाठ, पुन्हा खेचला. मनगटाला एक झटका, आपोआप. मी म्हटलं, "गाठ बसवते. बसवायला नको? सरकली तर मासा जाईल की."

"आता ती लोकर घे आणि विण."

मी कोपऱ्यातून सुया आणल्या. एक टाका घेतला, आणि मनगटाने झटका दिला. माझं मलाच दिसलं! प्रत्येक टाक्यानंतर मी लोकर खेचत होते. टाका "बसवत" होते. लहानपणापासून ज्या हाताला शिकवलं की सरकेल ती गाठ नव्हे, त्या हाताला मी सरकणारं काम दिलं होतं आणि तो बिचारा इमानाने त्याला जखडून टाकत होता. नर्सबाई पोट धरून हसायला लागल्या. "अगं बाई, टोपीतून मासा जाणार आहे का?"

आये म्हणाली, "डोकं जायाला पायजे, ता तर जात न्हाय."

बरं, खेचायचं बंद केलं म्हणून लगेच सुटका झाली असं समजू नका. सवय ती. मी खेचत नाही, खेचत नाही म्हणत विणायची आणि तिसऱ्या टाक्याला मनगट झटका मारून मोकळं. शेवटी मी दादाला समोर बसवलं आणि सांगितलं, मी खेचलं की ओरड. तो असा ओरडायचा की रस्त्याने जाणारी माणसं थांबायची. "खेचलंस! खेचलंस! बाबा, हिनं परत खेचलंन!" दोन दिवसांत मनगट गप्प बसलं.

तरी टाके म्हणावे तसे मोकळे येईनात. आता खेचत तर नव्हते, मग अडतंय कुठे? मी तोंड वाकडं करून नुसती सुईकडे बघत बसले होते. बाबा शेजारी जाळ्याचं घर मापायची बांबूची पट्टी चाचपडत होते. जाळं विणताना ती चपटी पट्टी मध्ये धरतात, दोरा तिच्यावरून फिरवतात, म्हणजे सगळी घरं एका मापाची येतात. बारीक पट्टी, बारीक घर. रुंद पट्टी, मोठं घर. आणि मला एकदम वाटलं, अगं, मग टोपीची पट्टी कुठाय? लोकर कशावरून फिरते? सुईवरून! सुई हीच पट्टी. आणि मी लोकर फिरवत होते कुठे, तर सुईच्या टोकाला, जिथे ती निमुळती असते तिथे. टोकाच्या मापाचा टाका काढायचा आणि मग जाड अंगावर चढवायला बघायचा. चढेल कसा? चिमुरडीची बांगडी आयेच्या हातात चढेल का?

मी सुई आणखी आत घातली, लोकर सुईच्या जाड अंगावरून फिरवली, मग टाका काढला. तो सुईवर असा बसला, अलगद, बोटाने ढकलला की चालायला लागला. मी ओरडले, "बाबा, सरकला!" बाबा दचकले. त्यांना वाटलं, जाळ्याची गाठ सरकली. "कुठली? कुठली सरकली?" म्हणत ते जाळं चाचपायला लागले. सरकण्याचा आनंद व्हायची आमच्या घरातली ती पहिली वेळ, त्यांना तरी कसं कळावं!

त्यानंतर टोपी झाली. भराभर झाली. मऊ, लवचिक, निळीभोर. मी इतकी खुशीत विणत होते, इतका हात सैल सोडला होता, की माप घ्यायचं भानच राहिलं नाही. जिभा लावल्या, नाडी लावली आणि दादाच्या डोक्यावर चढवली तर ती कलिंगड गिळून नाकावर आली. दादा आतून म्हणतो, "दिवस मावळला काय गो?"

मी कपाळावर हात मारला. इतके दिवस घट्ट घट्ट म्हणून रडले, आता सैल! दादा निघायला दोन दिवस राहिले होते. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, मागून चिमटून शिव, चालेल. मी ठरवलं, उद्या शिवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या होडीला बरी सुरमई मिळाली. मी म्हटलं, बाईंना नेऊन देऊ, त्यांनी एवढं केलं. गेले. बाईंनी बसवून चहा दिला, थोडा वेळ झाला. परत आले तर अंगणात चूल पेटलेली. तिच्यावर जाळी रंगवायचं मोठं तपेलं. तेव्हा नायलॉनची जाळी आमच्याकडे आली नव्हती. सुताचं जाळं नवं झालं की ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळायचं, म्हणजे ते खाऱ्या पाण्यात कुजत नाही. आये पदर खोचून काठीने ढवळत होती. मी म्हटलं, "कुठलं जाळं गो? बाबांचं तर अर्धंच आहे."

"जाळं न्हाय," आये म्हणाली. "टोपी."

"आये! कढत पाण्यात?"

"मंग साल काय थंड पाण्यात सुटते? विणलेली वस्तू दर्यावर जायाची, आणि साल दिल्याबिगर? कुजल ना दोन दिसात! तुना कळत न्हाय काय?" आणि काठीने आणखी दोन वेढे दिले, खसाखस.

मी तिच्या हातातून काठी घेतली. टोपी वर काढली. काय वर्णन करू! निळी राहिली नव्हती, चॉकलेटीही नव्हती, उन्हात वाळलेल्या बांगड्याच्या रंगाची झाली होती. वाफ येत होती आणि ती लहान झाली होती. जाड, गच्च. मी जे जे सैल केलं होतं ते सगळं त्या तपेल्यात परत आवळून बसलं होतं. मी अंगणातच बसकण मारली आणि मोठ्याने रडायला लागले. "आटली! सगळी आटली! किती दिवस मी मनगट मारून टाके सैल केले आणि हिने एका उकळीत घट्ट केले!"

आये घाबरली. तिला कळेना काय चुकलं. टोपी हातात धरून उभी राहिली, पाणी ठिबकतंय, आणि हळूच म्हणाली, "मना वाटलं, माझा पण हात लागू दे."

राग तर असा आलेला की तपेलं उलटं करावं, आणि ती अशी उभी.

दादा मागून आला. त्याने टोपी पिळली, दोन्ही हातांनी चारी बाजूंनी ताणली आणि ओलीच डोक्यावर चढवली. चढताना अडली. तो ओढतोय, आये मागून ओढतेय, मी रडता रडता कानाची जीभ धरून ओढतेय. आणि बसली. कपाळावर बरोबर, कानांखाली बरोबर. चिमटून शिवायची गरजच राहिली नाही. काढ्याचे तपकिरी ओघळ त्याच्या गालांवरून खाली येत होते. त्याने कानांवर हात थापटले आणि म्हणाला, "मोठ्यांनं बोला, काय ऐकू येत न्हाय."

आये त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

दादा गेला. वर्ष उलटून गेल्यावर परतला. त्याला होडीतून उतरताना बघितलं तर हातात ट्रंक आणि डोक्यावर ती टोपी, आमच्या मुरुडच्या भर उन्हात! म्हणाला, बोटीवर सगळ्यांच्या टोप्यांतून वारा आरपार जायचा, ह्या टोपीतून जात नव्हता. पाणी उडालं तरी वरच राहायचं. कान एकदाही ठणकला नाही. आये सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी साल दिली व्हती!"

आणि माझे टाके? इतक्या खटपटीने, इतकी बोलणी खाऊन एकसारखे काढलेले माझे टाके? मी ती टोपी उजेडात धरून बघितली. एकही टाका दिसत नव्हता. लोकर लोकरीत अशी मुरली होती, जसं घोंगडंच. ते घट्ट होते की सैल होते, हे आता ब्रह्मदेवाला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.